भित्र्या प्रवाशाच्या नजरेतून फ्लाइटरडार२४

हवेतली विमाने या क्षणी कोठे आहेत ते नकाशावर दाखवणारे फ्लाइटरडार२४ हे ॲप ज्यांच्यासाठी निघाले, ते लोक विमानाला घाबरत नाहीत. विमानतळाच्या कुंपणाबाहेर तासन्‌तास कॅमेरा लावून उभे राहणारे आणि नुसत्या आवाजावरून विमानाचा प्रकार सांगणारे शौकीन हा त्याचा मूळ ग्राहकवर्ग. स्वीडनमधल्या दोन विमानवेड्यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या या उद्योगाचे आज जगभर जाळे पसरले आहे, आणि दरम्यानच्या काळात त्याला एक अगदी उलट्या स्वभावाचा ग्राहक मिळाला आहे. तिकीट काढल्या दिवसापासून ज्याची झोप उडते, विमानाचे दार बंद होताच ज्याचे हात गार पडतात आणि खिडकीची जागा मिळाली तर जो झडप खाली ओढून बसतो, असा हा प्रवासी. मी त्याच वर्गातला असल्यामुळे हे परीक्षण त्या वर्गासाठी लिहीत आहे. विमानाची भीती कमी करण्याचे साधन म्हणून हे ॲप कितपत कामाचे आहे, एवढाच येथे प्रश्न आहे, आणि माझे उत्तर असे की प्रवासाच्या आधीच्या दिवसांत ते फार कामाचे आहे, तर प्रवासाच्या दिवशी ते फोनमध्ये उघडूच नये.

ॲप चालते कसे, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण त्यावर कितपत विश्वास ठेवायचा ते त्यावरूनच ठरते. आजच्या बहुतेक सर्व प्रवासी विमानांत एडीएस-बी नावाची यंत्रणा असते. विमान उपग्रहांच्या मदतीने स्वतःचे ठिकाण ठरवते आणि ते ठिकाण, उंची, वेग व स्वतःची ओळख १०९० मेगाहर्ट्‌झच्या लहरींवरून सतत प्रक्षेपित करत राहते. हे संदेश ऐकणारे छोटे रिसीव्हर जगभरातल्या हौशी लोकांनी आपापल्या गच्चीवर बसवलेले आहेत. त्या बदल्यात कंपनी त्यांना आपली सर्वांत वरची, एरवी महाग असलेली वर्गणी फुकट देते. म्हणजे नकाशावर सरकणारे पिवळे विमान हे नियंत्रण कक्षातून आलेले चित्र नसून विमानानेच स्वतःबद्दल दिलेली माहिती असते. रिसीव्हर आणि विमान यांच्यामध्ये डोंगर किंवा क्षितिज आले की ती मिळेनाशी होते. हा शेवटचा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

घाबरणाऱ्या माणसाला आकडे माहीत नसतात, असा एक गैरसमज आहे. उलट त्याला ते इतरांपेक्षा जास्त पाठ असतात. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगभरात ४ कोटी ६ लाख उड्डाणे झाली आणि त्यांत प्राणहानीचे अपघात ७ झाले; आपल्याकडे रस्त्यांवर २०२२ या एका वर्षात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. हे सगळे ठाऊक असूनही मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मागच्या सीटवर निवांत घोरणारा माणूस विमानात बसल्यावर प्रत्येक खडखडाटाला दचकतो, कारण ही भीती विमानाच्या प्रवासातल्या मोजक्या काही क्षणांना चिकटलेली असते. उड्डाणानंतर मिनिटभरात इंजिनाचा आवाज एकदम खाली येतो तो क्षण, उतरायची वेळ झाली तरी विमान घिरट्या घालत राहते तो वेळ, आणि धावपट्टी दिसू लागलेली असताना विमान पुन्हा वर झेपावते तो प्रसंग. फ्लाइटरडार२४ चे खरे मोल असे की हे तिन्ही क्षण घरी बसून, दुसऱ्यांच्या विमानांच्या बाबतीत, हवे तितक्या वेळा पाहता येतात.

पहिला क्षण घेऊ. ॲपमध्ये कोणतेही पूर्ण झालेले उड्डाण उघडले की त्याचा मार्ग पुन्हा चालवून पाहता येतो आणि सोबत उंची व वेग यांचा आलेख मिळतो. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवरून जुहूच्या दिशेने उडालेले एखादे विमान निवडावे आणि आलेखाच्या सुरुवातीच्या भागावर बोट ठेवावे. उंचीची रेघ आधी उभी चढते, आणि विमान हजार-दीड हजार फुटांवर गेले, म्हणजे साधारण किनारा ओलांडून समुद्रावर आले, की तिची चढण सौम्य होते. नेमक्या त्याच जागी वेगाची रेघ वर उसळी घेते. वैमानिकाने या टप्प्यावर उड्डाणासाठी वापरलेली शक्ती कमी करून ती चढणीच्या पातळीवर आणलेली असते, नाक थोडे खाली घेतलेले असते आणि वेग वाढेल तसे पंखांचे फ्लॅप (उड्डाणासाठी बाहेर काढलेल्या पट्ट्या) आत घेतले जात असतात. घाट चढून सपाटीला लागल्यावर एसटीचा चालक गिअर बदलतो आणि इंजिनाचा सूर उतरतो, त्यातलाच हा प्रकार. आपल्या कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा मात्र चढण्याचा जोर कमी झाल्याचा अर्थ ‘आपण खाली चाललो’ असा लावते, आणि आवाजही नेमका तेव्हाच पडलेला असल्यामुळे मनाची खात्री पटते की इंजिन बंद पडले. आलेखात उंची कोठेही खाली आलेली नसते. एका उड्डाणाचा आलेख पाहून समाधान होत नाही, हे मला मान्य आहे. पण एका संध्याकाळी वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या शहरांतून निघालेल्या विमानांचे आलेख एकापाठोपाठ एक पाहिले आणि प्रत्येकात तोच बाक, त्याच सुमाराच्या उंचीवर दिसला, म्हणजे पुढच्या वेळी आवाज पडला की त्याची वाट पाहिल्यासारखे होते. भीती त्यामुळे नाहीशी होत नाही. तिचा अचानकपणा जातो, आणि तो गेला की निम्मे काम झालेले असते.

घिरट्यांसाठी पावसाळ्यासारखा ऋतू नाही. जुलैतल्या एखाद्या संध्याकाळी मुंबईवर सर कोसळत असताना ॲप उघडावे, तेव्हा शहराच्या भोवताली काही विमाने लंबगोलात फिरताना दिसतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होते, कारण नकाशावर ती एकमेकांवर आदळणार असेच वाटते. तेव्हा एकेका विमानावर टिचकी मारून उंची वाचावी. एक नऊ हजार फुटांवर असते, त्याच लंबगोलातले दुसरे दहा हजारांवर आणि तिसरे अकरा हजारांवर. प्रत्येकात हजार फुटांचे अंतर ठेवलेले असते आणि खालचे विमान उतरायला निघाले की वरची एकेक पायरी खाली येतात. ‘इंधन संपले तर?’ हा भित्र्या माणसाचा ठरलेला प्रश्न. त्याचे उत्तर असे की ठरलेल्या विमानतळावर उतरता आले नाही तर पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचे, आणि तेथे पोहोचल्यावर आणखी अर्धा तास हवेत राहता येईल इतके राखीव इंधन जेट विमानाला सोबत ठेवावेच लागते. ॲपवर तेही घडताना दिसते. वाट पाहून कंटाळलेले एखादे विमान लंबगोल सोडून अहमदाबाद किंवा हैदराबादकडे वळते, तेथे उतरते आणि पाऊस ओसरल्यावर परत येते. आत बसलेल्या प्रवाशांनी त्या दोन-तीन तासांत काय काय सोसले असेल ते आपण जाणतोच, पण बाहेरून पाहताना तो निव्वळ उशीर असतो.

उतरता उतरता पुन्हा वर जाणे, ज्याला गो-अराउंड म्हणतात, ते मुंबईत समजून घेणे विशेष सोपे आहे. येथे दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी व्यवहारात एकच वापरता येते; आणि अशा विमानतळाने ११ नोव्हेंबर २०२३ रोजी चोवीस तासांत १,०३२ विमानांची ये-जा हाताळली होती. इतक्या दाटीत पुढच्या विमानाला धावपट्टी सोडायला थोडा उशीर झाला, तरी मागच्याला वर जाणे भाग पडते. ॲपमध्ये घाटकोपरच्या बाजूने खाली येणारी रेघ मधेच वर वळते, समुद्रावरून मोठा फेरा घेते आणि पुन्हा त्याच वाटेने येऊन टेकते. ज्या प्रवाशाला हा अनुभव येतो त्याच्या तोंडून ‘थोडक्यात वाचलो’ अशी गोष्ट पुढे वर्षानुवर्षे ऐकायला मिळते. रेघ पाहणाऱ्याला मात्र एक रांग मोडून पुन्हा रांगेत लागलेले विमान दिसते.

येथपर्यंतची स्तुती मनापासून केली आहे. परंतु हे ॲप माहिती देते, तिचा अर्थ सांगत नाही. आणि भ्यालेल्या मनाच्या हाती अर्थ लावायचे काम पडले की काय होते, याचे चांगले उदाहरण २१ मे २०२४ रोजी सिंगापूर एअरलाइन्सच्या एसक्यू ३२१ या लंडन-सिंगापूर विमानाच्या बाबतीत जगाने पाहिले. म्यानमारवर ३७ हजार फुटांवरून जाताना ते तीव्र टर्ब्युलन्समध्ये, म्हणजे हवेतल्या हादऱ्यांत, सापडले, एका प्रवाशाचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले आणि विमान बँकॉकला उतरवण्यात आले. काही तासांतच विमानाच्या मार्गाचा आलेख जगभर फिरू लागला, आणि त्यात ३७ हजारांवरून ३१ हजारांवर आलेली रेघ पाहून विमान ‘तीन मिनिटांत सहा हजार फूट कोसळले’ असे मथळे झळकले. सिंगापूरच्या अपघात तपास विभागाचा प्राथमिक अहवाल आला तेव्हा चित्र वेगळे निघाले. प्रवाशांना छतावर आदळणारा तो धक्का साडेचार सेकंदांच्या आसपासचा होता आणि तेवढ्या वेळात विमान १७८ फूट खाली आले होते. सहा हजार फुटांची उतरण त्यानंतर सुमारे सतरा मिनिटांनी, वैमानिकांनी बँकॉकला जाण्यासाठी हेतुपुरस्सर आणि नेहमीच्या पद्धतीने सुरू केली होती. मिनिटाला दोन हजार फूट हा उतरणाऱ्या विमानाचा रोजचा वेग आहे. म्हणजे आलेखात जे ठळक दिसत होते ते निरुपद्रवी होते, आणि ज्याने माणसांना इजा केली ते चाळीस हजार फुटांच्या मापावर काढलेल्या रेघेत डोळ्यांना दिसणेही अवघड होते.

या एका प्रसंगातून भित्र्या प्रवाशाला दोन गोष्टी घेता येतील. टर्ब्युलन्समध्ये माणसाला इजा होते ती मुख्यतः बांधलेले नसल्यामुळे, त्यामुळे पट्ट्याची खूण विझली तरी पट्टा सैलसर का होईना, पण बांधलेलाच ठेवावा. आणि हे ॲप टर्ब्युलन्सबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ज्यांची भीती मुख्यतः हादऱ्यांची आहे, त्यांना येथे फार काही सापडणार नाही.

उंचीच्या आकड्याचीही एक गंमत आहे. ॲपवर दिसणारी उंची हवेच्या दाबावरून काढलेली असते. पायाखालची जमीन किती खाली आहे, याचा तिच्याशी संबंध नसतो. पुण्याचा लोहगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून १,९४२ फुटांवर आहे, म्हणून पुण्यात उतरणारे विमान तीन हजार फूट दाखवत असेल तर ते जमिनीपासून जेमतेम हजारभर फुटांवर असते. मुंबईच्या आकड्यांची सवय झालेला माणूस पुण्याचे विमान पाहू लागला की ते इतक्यातच इतके घरांजवळ कसे आले, म्हणून उगाच हवालदिल होतो.

ॲपमधली खरी घातक गोष्ट मात्र सूचनांची आहे. विमानाने ७७०० हा आणीबाणीचा संकेतांक लावला की नकाशावर ते लाल होते, आणि सूचना सुरू ठेवल्या असतील तर जगाच्या कोणत्या तरी कोपऱ्यातल्या अनोळखी विमानाची बातमी आपल्या फोनवर टणकन येऊन पडते. शौकिनांना यात रस वाटणे समजण्यासारखे आहे. परंतु ७७०० लावण्याची कारणे अनेक असतात. प्रवाशाला हृदयविकाराचा झटका आला, एखाद्या यंत्रणेत बिघाड दिसला, लवकर उतरायचे आहे म्हणून नियंत्रण कक्षाचे लक्ष वेधायचे आहे, अशा कितीतरी प्रसंगी तो लावला जातो आणि बहुतेक विमाने त्यानंतर सुखरूप उतरतात. घाबरणाऱ्या माणसाला त्यातली सूचना दिसते आणि सुखरूप उतरणे दिसत नाही, कारण उतरल्याची घंटा वाजत नाही. ॲप उतरवून घेतल्यावर सर्वांत आधी सेटिंगमध्ये जाऊन या सूचना बंद कराव्यात. सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या विमानांची यादीही दुर्लक्ष करण्याजोगी आहे. राणी एलिझाबेथ यांचे पार्थिव एडिंबरोहून लंडनला नेणारे विमान सप्टेंबर २०२२ मध्ये ४८ लाखांच्या आसपास लोकांनी याच ठिकाणी पाहिले. त्यात वाईट काही नाही, पण एरवी ही यादी बऱ्याचदा अडचणीत सापडलेल्या विमानाभोवती जमलेली बघ्यांची गर्दी असते.

१२ जून २०२५ चा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे एआय १७१ उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत कोसळले, विमानातल्या २४२ पैकी एकच प्रवासी वाचला आणि जमिनीवरचे धरून २६० जणांचा बळी गेला. त्या विमानाकडून फ्लाइटरडार२४ ला मिळालेला शेवटचा उंचीचा आकडा ६२५ फुटांचा होता, आणि तो आकडा त्या दिवशी घराघरांत पोहोचला. त्यानंतर माझ्या परिचयातल्या काहींनी हे ॲप उतरवून घेतले आणि काहींनी काढून टाकले; दोघांचेही वागणे मला समजते. ज्यांच्या मनावर त्या दुपारची चित्रे अजून ताजी आहेत त्यांनी नकाशा उघडण्याची घाई करू नये, आणि त्या उड्डाणाची रेघ शोधून पुन्हा पुन्हा पाहत बसणे तर कटाक्षाने टाळावे. भीतीवर इलाज म्हणून जी गोष्ट पाहायची, ती रोजची, कंटाळवाणी आणि वेळेवर उतरलेली हवी.

आता प्रवासाच्या दिवसाबद्दल. विमानात इंटरनेट नसेल तर ॲप चालत नाही, आणि आपल्याकडच्या बहुतेक देशांतर्गत उड्डाणांत ते नसते, ही घाबरणाऱ्यांच्या दृष्टीने सोयच म्हणायची. खरा त्रास घरी राहणाऱ्यांना होतो. मुलगी अमेरिकेला निघाली की आई-बाबा रात्रभर फोन हातात धरून ते पिवळे विमान पाहत बसतात; मग ते अरबी समुद्रावर किंवा अटलांटिकवर जाते, खाली रिसीव्हर नसल्यामुळे संदेश मिळेनासा होतो, आणि ॲप एक तर अंदाजाने ते पुढे सरकवत राहते किंवा ते दिसेनासे होते. दिसेनासे झाले याचा अर्थ ऐकू येईनासे झाले, एवढाच. आणि काही ठिकाणी उपग्रहांकडून मिळालेल्या माहितीवर विमान निळ्या रंगात दाखवले जाते ते याचसाठी. शिवाय युद्धग्रस्त भागांच्या आसपास उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम अडथळा आणला जातो, तेव्हा विमान नकाशावर भलतीकडेच उडी मारल्यासारखे दिसते. हे ज्याला माहीत नाही त्याने घरच्या माणसाचे विमान पाहू नये. ज्याला माहीत आहे त्यानेही दर पाच मिनिटांनी पाहू नये, कारण खात्री करून घेण्याची ही ओढ भागवली की काही क्षण बरे वाटते आणि मग ती अधिकच बळावते. चिंतेवर उपचार करणारे मानसतज्ज्ञ नेमकी हीच सवय आधी सोडवायला लावतात. निघाल्याचे पाहावे, झोपावे, उतरल्याचे पाहावे.

ज्यांना उंचीपेक्षा बंदिस्त जागेची भीती आहे, दार बंद झाल्यावर ज्यांचा श्वास कोंडतो, किंवा ज्यांनी या भीतीपायी नोकरीतल्या संधी आणि घरची लग्ने सोडली आहेत, त्यांना हे ॲप पुरणार नाही. त्यांनी वर्तनोपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडे जावे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना ब्रिटिश एअरवेजचा ‘फ्लाइंग विथ कॉन्फिडन्स’ हा वर्ग खुला आहे. त्यात वैमानिक विमान कसे उडते ते समजावतात, मानसतज्ज्ञ धास्ती आवरण्याच्या पद्धती शिकवतात आणि शेवटी सर्वांना एका छोट्या उड्डाणावर नेले जाते. त्यातल्या वैमानिकाच्या भागाचे काम हे ॲप बऱ्यापैकी करते, बाकीचे दोन भाग त्याच्या आवाक्याबाहेरचे आहेत.

पैसे भरण्याविषयी विचाराल तर गरज नाही. फुकट आवृत्तीत जाहिराती सोसाव्या लागतात, पण मागच्या सात दिवसांची उड्डाणे पाहता येतात आणि आपल्या कामाला तेवढी भरपूर आहेत. वर्गणीच्या ‘सिल्व्हर’ प्रकारात हा इतिहास ९० दिवसांचा आणि ‘गोल्ड’मध्ये वर्षभराचा होतो, हवामानाचे थरही वाढतात; ढगांचे रंगीत नकाशे मात्र घाबरट माणसाला न दिलेलेच बरे. सेटिंगमध्ये वेग नॉटऐवजी ताशी किलोमीटरमध्ये करून घ्यावा. उंची फुटांतच ठेवावी, कारण वैमानिकाची घोषणाही फुटांतच होते. जुन्या उड्डाणांच्या वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे ग्रीनिचच्या जागतिक वेळेत, दिसत असतील तर त्यांत साडेपाच तास मिळवावेत. आणि सराव करायचा तो स्वतःला ज्या उड्डाणाने जायचे आहे त्याच क्रमांकाच्या उड्डाणावर करावा: मागच्या आठवड्यात ते रोज किती वाजता निघाले, कोणत्या दिवशी किती घिरट्या घातल्या आणि किती वाजता टेकले, हे प्रवासाच्या दोन दिवस आधीपर्यंत पाहून घ्यावे आणि मग ॲप बंद करून सामान भरायला लागावे.